यॉर्कच्या वेलीची छाटणी

अमवाज, बहारीन
ऑक्टोबरची अखेर

प्रिय तेजस्वी,

आधी कामाचं लिहिते, बाकीचं नंतर. वेलीला आत्ता हात लावू नकोस. पानं पिवळी पडली म्हणून कात्री घेऊन मागच्या दारात उभी असशील, तर ती परत ड्रॉवरमध्ये ठेव. पानं पिवळी पडतात तेव्हा वेल झोपायच्या तयारीत असते, झोपलेली नसते. पानांत जे काही उरलंसुरलं असतं ते ती हिवाळ्याची बेगमी म्हणून खोडात आणि मुळांत ओढून घेत असते. ते तिला निवांत करू दे. सगळी पानं आपली आपण गळू देत, चार-सहा रात्री गवतावर पांढरं हिव धरू दे, काड्या तपकिरी आणि टणक होऊ देत. छाटायची ती नाताळच्या आसपास, आणि काही झालं तरी जानेवारी उलटू द्यायचा नाही. बाबांचा फोन आला आणि ते म्हणाले की आत्ताच छाट, तर हो म्हण आणि छाटू नकोस. तासगावकडे सध्या द्राक्षाच्या छाटण्या चालू आहेत, त्यामुळे दर वर्षीप्रमाणे त्यांचे हात शिवशिवायला लागले आहेत.

तुझा मेसेज मागच्या आठवड्यात आला. दोन गोष्टी विचारल्यास. वेल कधी छाटायची, आणि नाहीतर काढूनच टाकू का, कारण घर आता तुझ्या एकटीच्या नावावर झालं आहे आणि मागच्या अंगणात तू फरशी बसवायची म्हणतेस. वेल बाबांनी लावली होती म्हणून विचारते, असंही लिहिलंस. आणि सुरुवात केलीस ‘काकू’ अशी. लग्न झाल्यापासून तू मला आई म्हणत होतीस. मला राग आला नाही, खरंच. आई लिहून खोडलं असशील, मग नुसतंच ‘हाय’ लिहून पाहिलं असशील, ते उद्धट वाटलं असेल, आणि शेवटी काकूवर येऊन थांबली असशील. मी तुझ्या जागी असते तर असंच केलं असतं. राजनना मात्र मी या पत्रात बाबाच म्हणणार आहे. तुझे माजी सासरे असं काही माझ्या हातून लिहवणार नाही.

तुझं आणि ओजसचं लग्न गेल्या वर्षी उन्हाळ्यात कायद्याने संपलं. का मोडलं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारणार नाही. तो माझा मुलगा आहे आणि तू शहाणी मुलगी आहेस, एवढ्यावरून मला जे कळायचं ते कळलं. घर तुझ्याकडे राहिलं, गाडी तो लंडनला घेऊन गेला, सोफ्यावरून म्हणे थोडं वाजलं. सासू कुणाकडे, हे काही कुणी ठरवलं नाही. मूल असतं तर नातवंडाच्या निमित्ताने तरी मी तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते, तेही नाही. म्हणून सरळ लिहून टाकते, तू माझ्यापासून सुटायला नकोस. ओजसची बायको म्हणून तू आमच्याकडे आलीस हे खरं, पण माझ्या मनातली तुझी जागा आता त्याच्या हवाली नाही. तुला हे नातं ठेवायचं आहे की नाही, ते मला माहीत नाही. वेल काढून टाकू का, असं तू विचारलंस तेव्हा पहिली भीती मला तीच वाटली.

आता वेलीचं. बाबांचं आणि द्राक्षाचं वेड तू पाहिलं आहेस, पण त्याची मुळं किती खोल आहेत ते तुला पुरतं माहीत नसेल. तासगावजवळ त्यांच्या वडिलांची बाग होती. बाबा इंजिनिअर झाले, इथे येऊन समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर लागले, बाग चुलत्यांकडे गेली, पण जित्याची खोड काही जात नाही. इथे अमवाजला राहायला आलो त्या वर्षीच त्यांनी बाल्कनीत एक मोठा निळा ड्रम आणून त्यात वेल लावली. तुबलीच्या एका गॅरेजमधून तो ड्रम आणला होता आणि तो धुवायला मला दोन दिवस लागले. हे बेट माणसाने भराव घालून केलेलं, चारी बाजूंनी खारा वारा, आणि थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढायचा आणि परत ठेवायचा. द्राक्षाच्या वेलीला एकतर चांगली झोप मिळावी लागते किंवा तासगावसारखं माणसाने तिला दोनदा कापून शिस्त लावावी लागते. आमची वेल वर्षभर अर्धवट जागी असते. पानं भरपूर, घड मफी, म्हणजे इथल्या भाषेत नाहीतच. ती पानंही वाया जात नाहीत म्हणा. माझ्या जुन्या ऑफिसातली सुहा येते, कोवळी कोवळी खुडून नेते आणि त्यात भात भरून डबा परत आणते. बाबा ते खातात, पण चेहरा असा करून की जणू कुणी त्यांच्या गाईचं चामडं वाढलं आहे.

म्हणून तुम्ही यॉर्कचं घर घेतलंत तेव्हा त्यांना घरापेक्षा त्या मागच्या भिंतीचा आनंद झाला. दक्षिणेला तोंड असलेली, जुन्या विटांची. दिवसभर ऊन खाते आणि संध्याकाळी परत देते, असं ते मला ऑफिसात फोन करून सांगत होते, आणि तेव्हा त्यांनी ती भिंत फक्त फोटोत पाहिली होती. मग आम्ही यॉर्कला आलो आणि आपण सगळे त्या नर्सरीत गेलो. बाबांना तासगावची, लांब मण्यांची पांढरी द्राक्षं हवी होती. नर्सरीवाला म्हणत होता की इथे ती लागतील पण पिकणार नाहीत, लवकर पिकणारी काळी घ्या. बाबा ऐकेनात. तू मधे पडलीस आणि म्हणालीस, बाबा, पहिली वेल याच्या मनाने लावू, दुसरी तुमच्या मनाने. दुसरी कधी लावलीच नाही आणि त्यांना त्याची आठवणही राहिली नाही. माणसाला न दुखवता त्याच्या हातातली गोष्ट काढून घ्यायची ही तुझी हातोटी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मला ती जमत नाही, मी सरळ हिसकावते. खड्डा त्यांनी खणला, तळाला खडी तू भरलीस कारण तिथली माती पाणी धरून ठेवते, आणि ओजसने तारा ठोकल्या. तारा अजून सरळ आहेत की नाही ते बघ. त्याच्या कामाला दुसऱ्याने एकदा हात फिरवावा लागतो.

पुढची गोष्ट आपल्या दोघींनाच माहीत आहे, आणि अजूनही दोघींनाच माहीत आहे, हे तुला सांगायला हवं. तासगावात द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये सगळं अगदी खरडून काढतात, तिला खरड छाटणीच म्हणतात. मग भर उन्हाळ्यात नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत घड धरतो, आणि या दिवसांत दुसरी छाटणी केली की उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षं हातात येतात. बाबांच्या रक्तात हे इतकं भिनलेलं की आपण एप्रिलमध्ये यॉर्कला आलो आहोत, तासगावला नाही, हा विचार त्यांना शिवलाच नाही. तू फार्मसीत गेली होतीस, ओजस झोपला होता, मी पोहे भिजवत होते. पोहे फोडणीला पडेपर्यंत त्यांनी अख्खी वेल वीत-वीत खुंट ठेवून उतरवली होती. हिवाळा संपून मुळं नुकती कामाला लागलेली, डोळे फुगलेले, आणि वर हे असं. दुपारी बघते तर प्रत्येक कापावरून पाणी गळत होतं, नळाचा वॉशर गेल्यासारखं. बाबा म्हणाले, जोर आहे वेलीत.

तू संध्याकाळी आलीस, ते पाहिलंस, आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणालीस, आई, इथे एप्रिलमध्ये छाटत नाहीत. मग बाहेर जाऊन त्यांना म्हणालीस की बाबा, किती मोकळी झाली वेल. ओजस त्यांना सांगायला निघाला होता की तुम्ही मारलीत ती, तू त्याला नजरेने गप्प बसवलंस. त्या वर्षी एकही घड आला नाही. ऑगस्टमध्ये बाबांनी इथून फोन करून विचारलं, तर तू सांगितलंस की मे महिन्यात अचानक हिव पडलं आणि फुलोरा गेला. बाबांना फार वाईट वाटलं. इंग्लंडच्या हवेला त्यांनी दोन दिवस शिव्या दिल्या. आजही यॉर्कचं नाव निघालं की ते त्या मे महिन्यातल्या हिवाची गोष्ट पाहुण्यांना सांगतात, इतक्या तपशिलाने की जणू त्या रात्री ते तिथे उभे होते. मी भाजी निवडत ऐकत असते. हसू येतं, आणि तुझी आठवण येते, दोन्ही एकदम.

त्यानंतरच्या वर्षी पहिले घड आले तेव्हा तू त्यांचा फोटो पाठवलास, आठवतं? चिमुकले मणी, जवळजवळ काळे, वर धुरकट साय. पिकले का म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, थोडे आंबट आहेत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट असं आपण म्हणतो, पण तुझी खरीच आंबट असणार, कारण तू नावाजायला कधी कमी करत नाहीस. बाबांनी तो फोटो कैलासला दाखवला. कैलास म्हणजे तुबलीच्या गॅरेजमधला, ड्रमवाला, बाबांच्याच गावचा. त्याच्या भावाची तिकडे बाग आहे. दर शुक्रवारी कैलासचा फोन येतो आणि मग दोघं इथे बहारीनमध्ये बसून तासगावची बाग छाटतात, फवारतात, पाणी तोडतात, आणि मधूनमधून तुझी यॉर्कचीही. त्या भावाने यांचं एकही कधी ऐकलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटही आहेत.

म्हणून तुझ्या वेलीचं मीच सांगते. या दोन-तीन वर्षांत थंड मुलखातल्या द्राक्षांबद्दल मी बरंच वाचलं आणि व्हिडिओ पाहिले. बाबांना वाटतं मी मालिका बघते. तर, भिंतीवरच्या तारांना धरून डावीउजवीकडे गेलेल्या दोन जाड फांद्या आहेत ना, त्या ठेवायच्या. त्यांच्यावरून या उन्हाळ्यात वर गेलेल्या ज्या काड्या आहेत, त्यातली प्रत्येक काडी खालचे दोन डोळे ठेवून कापायची. डोळा म्हणजे तो फुगीर ठिपका, तुला माहीत आहे. काप तिरपा दे, डोळ्याच्या थोडा वर, आणि उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी त्याच्यावर साठणार नाही. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या मुळापासून काढ. आपण फार कापतो आहोत असं वाटेल. अर्ध्यावर आल्यावर हात थांबेल, एवढी वाढलेली वेल आणि उरणार काय, असं वाटेल. तरी काप. थंड देशात वेलीवर जेवढं ठेवशील तेवढं तिला पिकवावं लागतं आणि उन्हाळा तर तिथे पाहुण्यासारखा येऊन जातो. कात्री आधी स्पिरिटने पूस, हे मी फार्मासिस्टला सांगायला नको.

मे महिन्यात नवे कोंब आले की प्रत्येक खुंटावर एकच जोमदार ठेव, बाकीचे बोटाने मोड. एका काडीवर एकच घड. जास्त दिसले की मोह होतो, पण दुसरा काढून टाक, नाहीतर सगळेच कच्चे राहतात. घडाच्या पुढे दोन पानं सोडून शेंडा खुड. आणि ऑगस्टमध्ये घडांवरची पानं काढ. हे बाबांना सांगू नकोस, त्यांना धक्का बसेल. तासगावात पानांची छत्री करून घडाला उन्हापासून वाचवावं लागतं, नाहीतर मणी भाजतात. तुझ्याकडे उन्हाला बोलवावं लागतं. शेणखत घालू नकोस. बाबांनी पहिल्या वर्षी घातलं ते अजून पुरतंय, त्यानेच एवढा पाला येतो. जाळी सप्टेंबर लागायच्या आधी टाक, त्या काळ्या पक्ष्यांना आपल्याआधी कळतं.

आता काढून टाकायचं. काढायची असेल तर तीही नाताळानंतरच काढ, झोपेत. आधी गुडघ्याएवढी ठेवून वरचं सगळं काप, मग हातभर अंतरावरून गोल खणत जा. मुळं तुला वाटतात त्यापेक्षा लांब गेलेली असतील, सगळी निघणार नाहीत, एखादा कोंब पुढच्या वर्षी येईल, तो खुडून टाक. पण नुसती फरशी बसवायची म्हणून काढायची गरज नाही. फरशीचं आणि वेलीचं वैर नाही. खोडाभोवती हातभर माती उघडी ठेवायला सांग. फरशीखाली मुळं सुखाने राहतात, उलट दगड तापला की त्यांना ऊबच मिळते. हे मी तुला वेल ठेवायला लावण्यासाठी सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते. तुला ती डोळ्यांसमोर नको असेल तर तेवढं कारण पुरे आहे. आम्हाला काही वाटणार नाही असं खोटं लिहीत नाही. बाबा दोन दिवस जेवताना बोलणार नाहीत, मग परत त्या निळ्या ड्रमच्या मागे लागतील. तू त्यांचा विचार करून ठरवू नकोस, त्यांचा विचार तू पुष्कळ केला आहेस.

तुझा मेसेज आला त्या दिवशी सुहा पानं न्यायला आली होती. मी तिला सांगितलं की सुनेचा मेसेज आहे. तुझं लग्न मोडल्याचं तिला माहीत आहे. तिचाही घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, पण दर शुक्रवारी ती जुन्या सासूकडे जेवायला जाते. नवरा त्या वेळी येत नाही, तेवढं ठरलेलं आहे. मी विचारलं, तुला अवघड नाही वाटत? तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. सासू म्हणजे तिच्या आईची सख्खी बहीण. हसबंड खलास, म्हणाली, खाला मफी खलास. नवरा सुटला म्हणून मावशी कशी सुटेल? मला तिचा हेवा वाटला, हे तुला सांगते. आपल्याकडेही मामाची मुलगी करतात, त्यात हीच सोय असणार, मोडलं तरी आत्या उरते. तुला तर मी ओजसच्या आधी ओळखतही नव्हते. तू पुण्याची, आम्ही इथले. एका माणसाच्या येण्यावरून आपण भेटलो आणि त्याच्या जाण्यावरून सुटावं, असा सगळा मामला. सुहाला मी एवढंच म्हणाले की आमच्यात तशी सोय नाही. तिने पानांची पिशवी बांधली आणि म्हणाली, यल्ला, सोय नसेल तर तोंड आहे ना, विचार. तिला सगळं सोपं वाटतं.

इकडची खुशाली. बाबांचा मोतीबिंदू सप्टेंबरमध्ये सलमानिया हॉस्पिटलात काढला. छान झालं, आता त्यांना सगळ्या घरातली धूळ दिसते आणि ती त्यांना नवीनच साठल्यासारखी वाटते. हवा उतरली आहे, रात्री एसी बंद करून खिडकी उघडता येते. मी ऑफिस सोडल्यापासून आमच्या बिल्डिंगच्या पूलमध्ये पोहायला शिकते आहे. अजून कडेचा दांडा सुटत नाही, पण शिकवणारी मुलगी म्हणते, इंशाल्ला. तू मागे म्हणाली होतीस ना, आई, समुद्राच्या काठी राहता आणि पाय ओले करत नाही, म्हणून सुरू केलं. तुझ्या पाठदुखीचं काय झालं? फार्मसीत दिवसभर उभं राहायचं आणि घरी येऊन माती खणायची, हे बरं नव्हे. मेथकूट संपलं असेल तर कळव, नाही कळवलंस तरी पाठवीन.

पत्र लांबलं. इतकी पानं मी जिथे यायला नको म्हणून लिहीत गेले तिथे आता यायलाच हवं. ओजस लग्न करतो आहे. मुलीचं नाव कश्मिरा, लेस्टरची, त्याच्याच ऑफिसातली. व्हिडिओवर बोलले तिच्याशी, हसतमुख आहे, मला नावं ठेवण्यासारखं काही सापडलं नाही आणि मी शोधलं. कधीपासूनचं आहे ते मी विचारलं नाही, तारखा जुळवून बघायची मला इच्छा नाही. नाताळच्या सुट्टीत लंडनला रजिस्टर लग्न आहे. हे तुला कुणाच्या तरी फोटोतून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून मी लिहायला बसले. पण तेवढंच असतं तर चार ओळी पुरल्या असत्या. आम्ही लग्नाला जाणार आहोत. मी त्याची आई आहे, जरीचं नेसेन, फोटोला उभी राहीन, ज्याला त्याला सांगेन की आम्ही फार खूश आहोत, आणि ते सगळं खोटंही नसेल. पण ते झाल्यावर परतीच्या विमानाआधी थोडे दिवस आहेत, आणि मला अशा एका घरी जाऊन बसायचं आहे जिथे मला खूश दिसावं लागणार नाही. तुझ्याशिवाय असं घर मला नाही. हे मागणं रीतीचं नाही, कळतंय मला. ज्या लग्नाची बातमी तुझ्या मनाला लागेल, त्याच लग्नातून उठून मी तुझ्याकडे येऊ का म्हणून विचारते आहे. छाटणीचं निमित्तही मी करत नाही. वेल तू तोपर्यंत छाटली असलीस, काढून टाकली असलीस, तरी माझं विचारणं हेच राहील. बाबा म्हणाले, फोन करू नकोस, पत्र लिही, फोनवर ती पोर नाही म्हणूच शकणार नाही. तेव्हा नाही म्हणायला तू मोकळी आहेस. उत्तर आलं नाही तर आम्ही समजू आणि ओजसच्या घरूनच विमानतळावर जाऊ. आम्ही दोघांनी यावं असं वाटलं, तर लंडनहून यॉर्कची गाडी कुठल्या स्टेशनावरून सुटते तेवढं लिही. आजवर ओजस न्यायला यायचा, त्यामुळे ते आम्हाला माहीत नाही.

तुझीच,
हेमा